निवडलेलं लाकूड

कुमुदमावशी,

तुमचा तेरावा होऊन दहा दिवस झाले. चँडलरला तुमच्या मुलाकडे, समीरच्या घरी त्या दिवशी चाळीसएक माणसं होती. तुमचा फोटो तुमच्या नातीच्या, ईशाच्या पियानोवर ठेवला होता. जेवणं झाल्यावर इथल्या मराठी मंडळातली माणसं तुमच्याबद्दल एकेक करून बोलली. कोणी म्हणालं मावशी फार प्रेमळ, कोणी म्हणालं फार शिस्तीच्या, आणि एका काकूंनी तुमच्या सांबारवडीचं कौतुक इतका वेळ केलं की चहा निवला. लाकडाच्या तेलाबद्दल कोणीच बोललं नाही. बोलणार कसं, त्यातलं कोणाला काही माहीतच नव्हतं. तुम्ही आठवड्यातून एक दिवस "युनिव्हर्सिटीत जाता" एवढंच त्यांना ठाऊक, आणि बहुतेकांची समजूत अशी की तुम्ही तिथे इंग्रजी शिकायला जात होता.

मी उठून बोलणार होते. पण मला जे बोलायचं होतं ते चाळीस माणसांसमोर जमलं नसतं. मला तुमची माफी मागायची आहे. दोन वर्षं आपण दर बुधवारी भेटलो, एका डब्यातलं जेवलो, आणि ते एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून हे लिहायला बसलेय. लांबेल थोडं. तुमची लेबलंसुद्धा तीन-तीन ओळींची असायची, त्यामुळे तुम्ही कुरकुर करणार नाही असं धरून चालते.

आपली ओळख मंडळाच्या गणपतीत झाली, २००४ साली. शाळेच्या हॉलमध्ये आरतीच्या रांगेत मी तुमच्या पुढे होते. लॅबमधून थेट आले होते, कपडे बदलायला वेळ मिळाला नव्हता. तुम्ही मागून माझ्या खांद्याला हात लावलात आणि विचारलंत, "काय गं पोरी, अमेरिकेत चुलीवर स्वयंपाक करून राहिली का तू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या तेलाचा वास केसांत बसतो, कितीही धुतला तरी जात नाही, हे मला माहीत होतं. पण आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. मी तुम्हाला समजावून सांगायला लागले की मी पीएचडी करते, लाकडापासून तेल काढते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही म्हणालात, "म्हणजे भंजक ऊर्ध्वपातन. परीक्षानळीत भुसा, तोंडाला नळीचं बूच, खाली बर्नर. तीस वर्षं मांडून दिलंय मी पोरांना."

मग कळलं की अमरावतीच्या एका कॉलेजात तुम्ही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होता. शिकवायचे प्राध्यापक. पण द्रावणं करायची, नळ्या मांडायच्या, कोणाचं उत्तर चोरलेलं आहे ते ओळखायचं, ही कामं तुमची. निवृत्त झालात, काका गेले, आणि समीरने तुम्हाला इकडे आणलं. इकडे दिवसभर घरात तुम्ही आणि डिशवॉशर. "त्या यंत्राला भांडी घासता येत नाहीत, मी सगळी काढून पुन्हा घासते," हे तुम्ही त्याच रांगेत मला सांगितलंत. आरती सुरू झाली म्हणून थांबलात.

प्रसादाच्या वेळी तुम्ही मला पुन्हा गाठलंत आणि सगळं खोदून खोदून विचारलंत. मीही सगळं सांगितलं, कोणाला तरी ऐकायचंय याचाच मला आनंद झाला होता. लाकडाचा जाडसर भुसा करायचा. हवा लागू न देता तो पाचशे अंशांना तापलेल्या वाळूत सोडायचा. हवा नाही म्हणून तो पेटत नाही, त्याची वाफ होते. ती वाफ झटकन थंड केली की तपकिरी काळं तेल हाती येतं. ॲरिझोनाच्या उत्तरेला डोंगरात वणव्याच्या भीतीने दाटीतली बारकी पाइनची झाडं तोडतात, आणि त्या लाकडाचं पुढे काय करायचं ते कोणाला कळत नाही. त्याचं तिथल्या तिथे तेल केलं तर ते बॉयलरमध्ये जाळता येईल. अडचण एकच, ते तेल टिकत नाही. नुसतं ठेवलं तरी दाट होत जातं, इथल्या उन्हाळ्यात तर काकवीसारखं होतं, आणि मग गाळ खाली आणि पाणी वर. ते टिकवायचं कसं, हा माझा विषय. मी त्यात मेथॅनॉल मिसळून बघत होते.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मिसळायचं नंतर बघू. आधी त्यात जायला नको ते काय जातंय ते बघितलं का?"

मी हसले. मला वाटलं, मावशी आहेत, बोलतात.

जानेवारीत तुम्ही लॅबमध्ये यायला लागलात. आमचे गाईड वॉल्टर यांना मी भीत भीत विचारलं होतं. ते म्हणाले, पगार देता येणार नाही, सुरक्षेची परीक्षा मात्र द्यावी लागेल. ती परीक्षा तुम्ही दिलीत आणि त्यातल्या एका प्रश्नाचं त्यांचंच उत्तर चुकलंय हे दाखवून दिलंत. आम्लात पाणी की पाण्यात आम्ल, त्याचा तो प्रश्न होता. त्या दिवसापासून वॉल्टर तुम्हाला "मिस कुमुद" म्हणायला लागले आणि तुम्ही त्यांना वॉल्टरसाहेब. पंजाबी ड्रेस, खाली समीरचे जुने स्पोर्ट्स शूज, चष्म्यावर लॅबचा गॉगल, आणि ओढणी घडी करून पर्समध्ये. तुमचा तो अवतार पाहून बाकीची मुलं पहिले दोन दिवस गोंधळली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मळक्या बाटल्या तुमच्या हाती लागल्या आणि मग ती नुसती घाबरली.

समीर तुम्हाला ऑफिसला जाता जाता सोडायचा, त्यामुळे तुम्ही साडेसातला हजर. मी दहाला उगवायची. मी येईपर्यंत त्या दिवसाचं लाकूड दळून, चाळून, ओव्हनमध्ये सुकवून, वजन करून तयार असायचं. रजिस्टरमध्ये तुमच्या तिरक्या अक्षरात सगळं लिहिलेलं असायचं. तुम्ही आमच्या लॅबचं डेड स्टॉक रजिस्टरसुद्धा केलंत, कायमच्या सामानाची वही. वॉल्टरला त्याचा अर्थ समजावताना माझी पुरेवाट झाली. त्याला वाटलं इथे काहीतरी मेलंय.

आपले वाद तेव्हाच सुरू झाले. तुमचं म्हणणं, लाकूड आधी पाण्याने धुवा. राखेतला खार तेलाची वाट लावतो, आणि तो पाण्यात विरघळतो, हे भांडी राखेने घासणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. माझं म्हणणं, धुतलं की ते पुन्हा वाळवावं लागणार, त्याला उष्णता लागणार, मग तेल काढून उपयोग काय. तुम्ही खिडकीकडे बोट दाखवायच्या. "एवढं ऊन बाहेर पडून राहिलं. इथे कुरडया दोन तासांत वाळतात, तुझं लाकूड नाही वाळणार?" मी म्हणायची, टनावारी लाकडाच्या कुरडया होत नाहीत. तुम्ही म्हणायच्या, तू कधी कुरडया घातल्यास का. वॉल्टरला एकदा विचारलं तर तो म्हणाला, दोघींचंही बरोबर आहे, आणि कॉफी आणायला निघून गेला. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मला अजूनही वाटतं माझं बरोबर आहे, पण आता तेवढ्या जोरात वाटत नाही.

मार्चच्या अखेरीस सतरा नंबरची बॅच झाली. तेल टिकेल का हे बघायला महिनोन्‌महिने थांबता येत नाही, म्हणून बंद बाटली ऐंशी अंशांच्या ओव्हनमध्ये एक दिवस ठेवायची आणि आधी व नंतर ते किती दाट आहे ते मोजायचं. काचेच्या बारीक नळीतून तेल उतरायला किती सेकंद लागतात ते स्टॉपवॉच घेऊन तुम्ही मोजायच्या. आमच्या प्रत्येक तेलाला ओव्हननंतर जवळजवळ दुप्पट वेळ लागायचा. सतरा नंबरला जेमतेम काही सेकंद जास्त लागले. तुम्ही तीनदा मोजलंत. मी मेथॅनॉलचा थेंबही घातला नव्हता. मी वॉल्टरला ओढत आणलं. त्या दिवशी आपण तिघांनी लॅबच्या पायऱ्यांवर बसून तुमच्या डब्यातले धपाटे खाल्ले. माझी पीएचडी झालीच असं मला वाटलं.

एप्रिलमध्ये भाचीचं लग्न आणि डोळ्याचं ऑपरेशन म्हणून तुम्ही अमरावतीला गेलात. मी सतरा नंबर पुन्हा करायला घेतली. रजिस्टर समोर ठेवलं, तुमचा आकडा न् आकडा पाळला. तेल दाट झालं. पुन्हा केली, पुन्हा दाट. अख्खा उन्हाळा मी तेच करत होते. सतरा नंबरचं तेल तपासण्यांत संपून गेलं होतं, त्यामुळे ते पुन्हा तपासायची सोय नव्हती. सप्टेंबरपर्यंत माझ्या हातात नऊ बिघडलेल्या बॅच होत्या, आणि वॉल्टर मला हळू आवाजात विचारायला लागला होता की पहिल्या वेळी नक्की काय झालं असेल. जे पुन्हा करता येत नाही ते थीसिसमध्ये लिहिता येत नाही. मी रात्री नीट झोपत नव्हते, लोकांशी नीट बोलत नव्हते, आणि कोणाची तरी चूक सापडावी अशी वाट बघत होते.

तुम्ही परत आलात. पहिल्याच सोमवारी, वॉल्टर शेजारी उभा असताना, मी तुम्हाला म्हणाले, "मावशी, सतरा नंबरवर लेबल चुकीचं लागलं असणार. मेथॅनॉलवाली बाटली असेल ती. तुमचे डोळे तेव्हा नीट नव्हते ना."

आवाज चढवला नव्हता. अगदी शहाण्यासारखं बोलले, तेच जास्त वाईट. वॉल्टरला कळावं म्हणून तेच इंग्रजीतून परत सांगितलं.

तुम्ही गॉगल काढलात, पुसलात, त्याच्या खणात ठेवलात. रजिस्टर बंद केलंत. मग म्हणालात, "समीरला फोन लाव." त्याला यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ तुम्ही खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसला होता आणि मी पलीकडे पिपेटा धूत होते, ज्या आधीच धुतलेल्या होत्या. तीस वर्षांत तुमच्या हातून एकही लेबल चुकलं नव्हतं, हे मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतं, आणि तुम्ही फुशारकी मारणाऱ्यातल्या नव्हता.

तुम्ही यायचं बंद केलंत. मी फोन केला नाही. रजिस्टरमध्ये सतरा नंबरसमोर मी लाल पेनाने "लेबल शंकास्पद" असं लिहिलं आणि माझ्या मेथॅनॉलकडे परत गेले.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या सुनेने बोलावलं. न जावं तर वाईट दिसेल म्हणून मी गेले, आणि मुद्दाम लवकर गेले, म्हणजे गर्दीच्या आत निघता येईल. तुम्ही स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. पुढ्यात मोठं ताट, ताटात तांदूळ, आणि तुम्ही बोटाने एकेक दाणा इकडून तिकडे सारत होता. सून मला म्हणाली, "बघ ना गं, दुकानातला बासमती आहे हा. खडा औषधाला सापडायचा नाही. आईंना किती सांगितलं."

"नसला तरी बघायचं असतं," तुम्ही म्हणालात. माझ्याकडे न बघता.

ईशा बाजूला गृहपाठ करत होती. ती म्हणाली, "आजी डझ धिस टू एव्हरीथिंग. नाश्त्याचे चीरिओज पण."

मी तुमच्या बोटांकडे बघत राहिले. मी विचारलं, "मावशी, लॅबमध्ये ते लाकडाचे तुकडे यायचे पोत्यातून... ते पण निवडायचात तुम्ही?"

तुम्ही पहिल्यांदा मान वर केलीत. माझ्या प्रश्नाचं तुम्हाला खरोखर आश्चर्य वाटलं होतं. "मग? न निवडता कसं घालायचं?"

"काय निवडायचात?"

"साल. बारक्या झाडांचं लाकूड ते, अर्धीअधिक सालच असते. सालीत राख किती. तू धुवू देत नव्हतीस, मग सोळा नंबरनंतर म्हटलं, निदान निवडून तरी घ्यावं."

"रजिस्टरमध्ये लिहिलं नाहीत."

"त्यात लिहायचं काय? वजन निवडल्यावर केलं, ते लिहिलंय." मग तांदूळ पुढे सारत, "डाळीच्या आमटीच्या कृतीत लिहितं का कोणी, की डाळ निवडून घ्या म्हणून?"

मी तिथेच खुर्चीवर बसले. नऊ बॅच मी पोत्यातलं लाकूड सालीसकट दळलं होतं. त्या दिवसांत रोज सकाळी साडेसात ते साडेनऊ तुम्ही ट्रेमध्ये पसरून एकेक तुकडा बघत होता, आणि मी दहाला येऊन तयार भुसा उचलत होते. कधी एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही इतक्या लवकर येऊन करता काय.

तेव्हा माफी मागायला हवी होती. तुमची सून बाहेर गेली होती, ईशाला मराठी अर्धंच कळतं, आपण दोघीच होतो. मी एवढंच म्हणाले, "मावशी, बुधवारी येणार?" तुम्ही म्हणालात, "येते." आणि तिळगूळ पुढे केलात. आपल्याकडे असंच असतं. जेवायला बसा म्हटलं की भांडण मिटलं असं धरतात. त्या वेळी मला ते सोयीचं वाटलं.

वॉल्टरला सांगितलं तेव्हा तो आधी खूप हसला, मग गंभीर झाला. म्हणाला, दोन किलो लाकूड हाताने निवडता येईल, ट्रकभर कोण निवडणार. मी ते तुम्हाला मराठीत सांगितलं. तुम्ही म्हणालात, "काय काढायचं ते मी सांगितलं. कसं काढायचं ते साहेबांनी बघावं, त्यांना पगार मिळतो." याचं भाषांतर मी शब्दशः केलं. त्याने मान डोलावली आणि त्याच आठवड्यात वरच्या डोंगरातल्या लाकडाच्या गिरणीला फोन केला. तिथे आधी साल सोलून मग तुकडे करून द्यायला लागले. तेल टिकायला लागलं. एकदा नाही, दर वेळी. माझा थीसिस त्यावर उभा राहिला.

पुढची दोन वर्षं तुम्ही फक्त बुधवारी यायच्या, गुडघ्यांमुळे. आता निवडायचं काही उरलं नव्हतं. तुम्ही बाटल्यांची लेबलं करायच्या, नळीतून तेल उतरताना सेकंद मोजायच्या, आणि मोजता मोजता माझं लग्न का होत नाही यावरही बोलायच्या. मला ते बुधवार फार आवडायचे. मी इथे एकटी होते हे त्या दिवशी आठवत नसे. हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता. म्हणून आता सांगते.

एक गोष्ट मात्र जमत नव्हती. तेल टिकायचं, पण चार दिवस ठेवलं की वर तेलकट थर यायचा, पातळ, साईसारखा. सतरा नंबरवर तो नव्हता. गिरणीचं साल सोलायचं यंत्र चुकत असेल असं मी म्हणायची. तुम्ही म्हणायच्या, धुवा म्हटलं होतं. वॉल्टर म्हणायचा, एवढ्याशा थराने काय बिघडतंय. आणि मी तो थर चमच्याने काढून टाकायची.

गेल्या दिवाळीत मी तुम्हाला आमच्या पेपरचा कच्चा मसुदा दिला. लेखकांत तुमचं नाव दुसरं होतं, माझ्यानंतर, वॉल्टरच्या आधी. सोबत सहीचा फॉर्म होता. तुम्ही नाव बघितलंत आणि कागद उलटा ठेवलात. "माझं कशाला? मी काय शिकलेली आहे? लोक म्हणतील ही कोण बाई." मी म्हटलं, लोकांना काय करायचंय. तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं प्रयोग मांडून दिले, कुठे नाव नव्हतं. काही अडलं नाही." मी चिडले. वॉल्टरने स्वतः येऊन सांगितलं तर तुम्ही त्याला चकली दिलीत. दर बुधवारी मी विचारायची, सही केलीत? दर बुधवारी तुम्ही म्हणायच्या, बघू. मला वाटायचं, आपल्याकडे खूप बुधवार आहेत.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी समीरचा फोन आला. तुम्ही जेवून आडव्या झालात आणि उठला नाहीत. त्यापुढचं तुम्हाला सांगण्यासारखं काही नाही. सगळं नीट पार पडलं, समीर खंबीर राहिला, ईशा खूप रडली.

तेराव्याच्या दिवशी निघताना समीरने मला तो मसुदा दिला. तुमच्या कपाटात सापडला म्हणाला. मी गाडीत बसून उघडला. तुम्ही सगळा वाचला होता. इंग्रजी तुम्हाला सावकाश वाचावं लागायचं, तरी पंधराही पानं वाचली होती, पेन्सिलीच्या खुणांवरून कळतं. तुमच्या नावापुढे एक लहानसं प्रश्नचिन्ह आहे. फॉर्मवर सही नाही. आणि कृतीच्या भागात, जिथे मी लिहिलं होतं की सतरा नंबरच्या लाकडातली साल हाताने निवडून काढली, तिथे समासात तुमच्या तिरक्या अक्षरात दोन शब्द आहेत. "व गाठी."

गाठी. फांदी फुटते तिथली कठीण, राळेने भरलेली जागा. साल सोलली तरी ती लाकडात तशीच राहते, आणि तिची राळ तेलावर साय होऊन येते. तुम्ही सालीसोबत त्याही निवडून काढत होता, आणि तांदळातला खडा काढताना फोलपटही काढतो तसं ते तुमच्या हिशेबी एकच काम होतं. संक्रांतीला मी विचारलं, काय निवडायचात, आणि तुम्ही साल म्हणालात, कारण आपला वाद राखेवरून चालला होता. मी दुसरा प्रश्न विचारलाच नाही. दोन वर्षं ती साय चमच्याने काढत राहिले, आणि उत्तर दर बुधवारी माझ्यासमोर स्टॉपवॉच घेऊन बसलं होतं.

मागच्या आठवड्यात मी साडेसातला लॅबमध्ये गेले. ट्रेमध्ये सोललेले तुकडे पसरले आणि गाठी निवडल्या. दोन तास लागले. माझी पाठ धरली. पहिल्या अर्ध्या तासात मला सारखं वाटत होतं की हा वेळ वाया जातोय, आणि मग तसं वाटायचं थांबलं. बोटं आपोआप चालायला लागली आणि मला फार बरं वाटलं. तुम्ही तिथे एकट्याने बसून काय करत होता, ते सुखाचं काम होतं हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटायचं तुम्ही माझ्यासाठी राबत होता.

आज त्या तेलाला चार दिवस झाले. वर काही नाही. वॉल्टरने बाटली खिडकीशी धरून फिरवून पाहिली आणि विचारलं, हे कसं केलंस. मी त्याला समासातले दोन शब्द दाखवले आणि वाचून सांगितले. तुमचं नाव दुसरं राहणार आहे. समीरने तुमच्या वतीने संमती दिली. प्रश्नचिन्हाचं उत्तर तुम्हाला पटणार नाही हे मला माहीत आहे, पण या वादात आता मी एकटीच उरले आहे, त्यामुळे माझं चालणार.

मग मी वॉल्टरला म्हणाले, सतरा नंबरचं लेबल बरोबर होतं. त्याला कळेना. कुठलं लेबल, म्हणाला. तो विसरून गेला होता. मी त्याला सगळं आठवण करून दिलं, तो कुठे उभा होता, मी काय बोलले, तुमच्या डोळ्यांबद्दल काय बोलले, तुम्ही गॉगल कसा ठेवलात. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे तू तिला सांगितलंस?"

मी नाही म्हटलं.

मावशी, लेबल बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ते मला संक्रांतीच्या दिवशी तुमच्या टेबलाशी बसूनच कळलं होतं. मला माफ करा.

तुमची,
मेघना